वरचं गाव

(घदामेस, लिबियाच्या वाळवंटाच्या कडेला)

बावीस वर्षांचा होतो. त्रिपोलीहून आलो होतो
तिपाई, साखळी आणि कोरी वही घेऊन.
हुकूम एका ओळीचा :
जुनं गाव मोजा, नव्याची आखणी करा.

उस्ता कद्दूर पुढे, हातात कंदील.
भर दुपारी कंदील! मला हसू आलं.
गल्ल्या घरांच्या पोटाखालून गेलेल्या,
बाहेर ऊन दगड भाजत होतं
आणि आत मानेवरचा घाम
कुणी फुंकर घातल्यासारखा वाळला.
वीसेक पावलांवर डोक्यावर एक चौकोनी भोक,
तिथून उजेड
आडात सोडलेल्या दोरासारखा लोंबायचा.
प्रत्येक वळणाच्या अलीकडे उस्ता खाकरायचा,
पलीकडून येणाऱ्याला कळावं म्हणून.
मी वहीत लिहिलं : प्रकाशयोजना अपुरी.

झऱ्याशी एक म्हातारा बसलेला असे,
बुडाला भोक पाडलेलं भांडं टांगून.
ते रितं झालं की खजुरीच्या पातीला एक गाठ.
अमक्याच्या बागेला इतक्या गाठी,
विधवेच्या तीन झाडांना इतक्या.
रात्री माणूस बदले, गाठ चुकत नसे.
मी लिहिलं : घड्याळ नाही.

अकराव्या दिवशी नकाशा पुरा झाला.
उस्तानं तो मांडीवर पसरला,
चुन्यानं फुटलेलं बोट गल्लीगल्लीतून फिरवलं,
कुठेही अडलं नाही.
"छान आहे," म्हणाला. "अर्धा आहे."
उरलेला कुठाय, विचारलं
तर त्यानं बोट वर केलं.
मला वाटलं, अल्लाकडे.

नवं गाव उभं राहिलं. सिमेंटचं, सरळ.
प्रत्येकाला आपापली भिंत, आपापलं फाटक,
आणि मधे बारा मीटर रुंद ऊन.

तीस वर्षांनी मब्रूकानं मला चहा दिला
त्याच बारा मीटरच्या काठावरच्या घरात.
वीज गेलेली, खिडकीतलं यंत्र मुकं,
भिंती तव्यासारख्या.
"तूच का तो मोजणारा?" म्हणाली.
राग नव्हता. रागावण्याचं तिचं वय उलटून गेलं होतं.

"खाली पुरुषांच्या गल्ल्या होत्या, त्या तू मोजल्यास.
आम्ही वर राहायचो.
चुली वर, धूर आभाळाला, गप्पा शेजारणीला.
सगळ्या गच्च्या एकमेकींना लागून,
मधे गुडघ्याएवढा कठडा,
तोही फक्त पाय उचलायची आठवण राहावी म्हणून.
पिठाचे हात तसेच घेऊन
मी सात घरं ओलांडून बहिणीकडे जायचे.
अंडी, दोरे, चांदी, सोयरिकी,
आमचा बाजार वरच भरायचा.
तिला कळा सुरू झाल्या तेव्हा
तिची हाक संपायच्या आत मी पोचले होते.

इथेही ती तिसऱ्याच घरात होती.
पण चादर शोधायची, चप्पल शोधायची,
सोबतीला मुलगा शोधायचा.
ती गेली रात्री.
मला सकाळी कळलं."

संध्याकाळी त्यांनी गाद्या गाडीत टाकल्या.
जुलैत सगळेच जातात जुन्या घरी,
माहेरपणाला जावं तसे.
मीही गेलो.

"आता वर कुणी नसतं, ये," ती म्हणाली,
आणि मी पहिल्यांदाच तो जिना चढलो.
कठडे पावसानं झिजलेले, न सारवलेले.
ती पाय उचलत गेली, मी मागे.
"ही तेबराची. ही मन्सूराची.
ही आंधळ्या हलीमाची, तिला पावलं पाठ होती."
माझ्या नकाशात ही घरं
एकवीस ते सत्तावीस होती, बापांच्या नावानं.

सहाव्या गच्चीपुढे छत खचलं होतं.
खाली अंधार, त्यात एक तुळई.
पलीकडे बहिणीचा कठडा, हातभर अंतरावर.
मब्रूका उभी राहिली.
एक पाय उचलला होता तिनं,
मग परत ठेवला.

मी एकटाच खाली उतरलो.
कंदील नव्हता. चाचपत निघालो.
वळण आलं.
पलीकडून कोणी येत नव्हतं, मला ठाऊक होतं.
तरी खाकरलो.