डावे आटे

गावाचं नाव सूर.
लग्नाआधी ऐकून हसले होते.
आता पत्ता सांगताना हसू येत नाही.

नवरा खाडीपलीकडच्या कारखान्यात.
तिथे वायू गारठवून त्याचं पाणी करतात,
जहाजं भरभरून कुठे कुठे धाडतात.
आत शिरताना फोन फाटकावरच्या कप्प्यात,
बारा तासांनी परत हातात.
आणि इथे तिसऱ्या मजल्यावर
आमटीला उकळी फुटायच्या आत
माझी शेगडी पिवळी पडते,
दोनदा भकभकते,
विझते.

सिलिंडर हलवून पाहिला.
किती उरलाय ते आईला नुसत्या पायाच्या धक्क्याने कळायचं.
मी ओलं फडकं गुंडाळलं त्याच्या पोटाला.
वरचं भराभर सुकलं,
तळाशी बोटभर ओल.
तेवढाच.

शफिकुल आला दीड वाजता,
खांद्यावर भरलेला, शर्ट पाठीला चिकटलेला.
लिफ्टमध्ये सिलिंडर चालत नाही म्हणे.
पान्याने टकटक केली:
रिकामा देवळातल्या घंटेसारखा वाजला,
भरलेला नुसता ठप्प.
"भरलेला बोलत नाही, भाभी."

संगमेश्वरहून मी रेग्युलेटर आणला होता,
साडीच्या घडीत.
इथे तो कशालाच बसत नाही.
इथले आटे डावे.
सवयीने उजवीकडे पिळावं तर सुटतं,
प्रदक्षिणेच्या उलट फिरवावं तेव्हा घट्ट.
वरची चावी मात्र आपल्यासारखीच.
चार महिने मी ह्यातच गोंधळतेय.

त्याने जोडलं. चावी उघडली.
मी म्हटलं, वास येतोय.
तो वाकला, नाक अगदी नटाजवळ नेलं,
सरळ झाला.
"मला नाही येत. नऊ वर्षं झाली.
बारिसालला ताप आला होता.
ताप गेला, जाताना वास घेऊन गेला."

वाटी मागितली, साबण, थोडं पाणी.
ब्रश नव्हता. नवऱ्याचा दाढीचा जुना दिला.
हळदीला बसलेल्या नवरदेवाच्या गालाला लावावा
तसा फेस लावला त्याने पितळेच्या नटाला,
आणि थांबला.
मीही थांबले.
खालच्या बाजूने एक बुडबुडा
हळूहळू मोठा होत गेला,
त्यात आमची खिडकी दिसली, वाकडी,
आणि फुटला.

वॉशर मसुराच्या सालासारखा झिजलेला.
खिशातून नवा काढला. पैसे नको म्हणाला.
पुन्हा फेस. पुन्हा थांबलो.
काही नाही.
"अजून येतोय," मी म्हटलं.

तो जरा चिडलाच असावा.
"कसला?"
मी सांगत गेले:
तळमजल्यावर वाळत घातलेली मोरी,
तुमच्या कॉलरचा घाम,
पान्याचं लोखंड,
सकाळी जिन्यावरून गेलेल्या बाईचा ऊद,
कालचा कांदा,
बंद बाटलीतलं खोबरेल,
आणि वाटीतला हा साबण, तो तर सोसवत नाही.

शफिकुलने पाना खाली ठेवला.
माझ्याकडे पाहिलं,
मग लगेच फरशीकडे.
"माझ्या बायकोला यायचा असा.
दोन्ही वेळेला."

मग खिडक्या उघडल्या सगळ्या.
अर्धा तास बटणाला हात लावू नका, म्हणाला.
रिकामा खांद्यावर घेतला,
दारात घुटमळला.
"पुढच्या वेळी बदलायला मी येईन.
तुम्ही उचलू नका."

जिन्यावर प्रत्येक वळणाला
तो रिकामा कठड्याला लागत होता,
वाजत वाजत खाली गेला.

मी बोटांवर तारखा मोजल्या.
पुन्हा मोजल्या, दुसऱ्या हाताच्या.

अर्ध्या तासाने शेगडी लावली.
निळी.
आमटी उकळली आणि मला ती नकोशी झाली.
दाढीचा ब्रश धुऊन उन्हात ठेवलाय.
सहाला त्याचा फोन कप्प्यातून बाहेर येईल.
तोवर हे ठाऊक आहे मला
आणि वास न येणाऱ्या एका माणसाला.