ती साल, ते साल

एव्हारिश्तू आधी कुऱ्हाडीची पाठ मारतो खोडाला
आणि कान देतो,
कलिंगड घेताना द्यावा तसा.
पोकळ वाजलं, तर साल सुटायला राजी.
टणक वाजलं, तर पुढच्या झाडाकडे वळतो,
न रागावता.

दक्षिण पोर्तुगाल, जून. सकाळी आठलाच
पायाखालचं गवत पापडासारखं मोडतंय.

एक उभी चीर.
मग दांड्याचं निमुळतं टोक चिरेत घालून जरासा पीळ,
आणि बुचाचा अख्खा पत्रा
घामेजला सदरा काढावा तसा निघून येतो.
आतलं खोड गुलाबी, ओलसर.
मी नजर वळवली, उगाच.

झाड मरत नाही. फक्त नऊ वर्षं मागतं.
तेवढ्यात पुन्हा अंगभर साल करून घालतं.
म्हणून मागोमाग बेल्मीरा येते,
पांढऱ्या रंगाचा डबा, केस झडलेला ब्रश,
आणि उघड्या खोडावर वर्षाचा शेवटचा आकडा लिहिते.
यंदा तीन.
आमच्या तीनसारखाच, शेपूट तेवढं नाही.

माझ्या भाषेत ती साल झाडाची, ते साल काळाचं.
मधे फक्त लिंग बदलतं.
हे मी मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमध्ये तिला सांगितलं.
ती म्हणाली, म्हणजे तुमच्यात कुणीतरी झाड सोललेलं दिसतंय.
मी वजनं लिहिणारा कारकून. मला काय माहीत.

दुपारी सावलीत पाव, ऑलिव्ह, टोमॅटोचं गार सार.
झऱ्याचं पाणी बुचाच्याच पळीतून:
सालीचा फुगीर तुकडा, त्याला काटकीचा दांडा.
पाण्याला कसली चव लागत नाही,
पण ओठ झाडाला टेकल्याचं ओठांना कळतं.

तुमच्याकडे काय करता बुचाचं? एव्हारिश्तूनं विचारलं.
बाटलीला लावतो. चपलेच्या तळव्यात घालतो.
शटलकॉकचं डोकं करतो.
आणि एक चेंडू असतो,
पोटात बूच, त्यावर घट्ट दोरा, वर लाल कातडं.
मग?
मग त्याला लाकडानं बडवतो. कधी कधी पाच दिवस.
त्याचा घास तोंडातच राहिला.
पाच दिवस?

उतारावरच्या झाडावर जुना चार होता,
सालीबरोबर रुंद होत गेलेला, तडकलेला.
खाली तळहाताएवढी जागा,
तिथे साल आलेलीच नाही.
अदेलीनू, बेल्मीरा म्हणाली. माझा नवरा.
नऊ वर्षांमागे इथेच त्याला कुणी ओरडून सांगितलं,
मुलगी झाली.
कुऱ्हाड तेव्हा हवेत होती.
उतरली ती आतल्या सालीत शिरली.
तिथे झाड पुन्हा भरत नाही.
मालकानं अर्ध्या दिवसाची मजुरी कापली.
अदेलीनू आता लक्झेंबर्गला सिमेंट ओततो,
रविवारी फोन करतो.

लुदोव्हीना पळी झटकत आली.
खाचेत बोट घालून पाहिलं.
आजोबा, हे कुणी केलं?
घाईनं, म्हणाला एव्हारिश्तू.

मग खाच चुकवून त्यानं चीर दिली.
पत्रा उतरला, मधे भोक पडलेला.
असल्या पत्र्याला भाव नसतो.
मी तो काट्यावर घेतलाच नाही,
वहीत एक ओळ कोरी सोडली.
संध्याकाळी तो बेल्मीराच्या सायकलला बांधलेला दिसला.

त्या झाडापुरता ब्रश पोरीकडे होता.
तिचा तीन खालच्या पोटात जास्तच फुगला,
रंग ओघळून मुळापर्यंत गेला.
पुढच्या वेळी मी अठराची, ती म्हणाली.
तेव्हा मी इथे नसणार.

बेल्मीरानं डब्याचं झाकण दाबून बसवलं,
मग पुन्हा उघडलं. अजून बरीच झाडं होती.
पलीकडे एव्हारिश्तूनं कुऱ्हाडीची पाठ मारली
आणि खोडाला कान देऊन उभा राहिला,
नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.