मुका मार

बुधवारी आंघोळ घालताना दिसला पहिला.
डाव्या मांडीवर, मागच्या बाजूला,
जांभळाचा डाग पुसायचा राहून जावा तसा.
स्पंजने घासला. गेला नाही.
निहार हसला, त्याला गुदगुल्या झाल्या.

नडगीवरचे मी मोजत नाही.
दोन वर्षांच्या पोराच्या नडग्या म्हणजे
टेबलांचे, पायऱ्यांचे, घसरगुंड्यांचे पत्ते.
पण मांडीच्या मागे काय धडकतं?
बरगडीखाली?
शुक्रवारपर्यंत पाच झाले. पाचवा दंडावर, लांबट.

विक्रांत म्हणाला, उगाच बाऊ करू नकोस.
रात्री दोन वाजता
पांघरुणाखाली त्याच्या मोबाइलचा उजेड दिसला.
तोही तेच वाचत होता.

नर्सरीत बेथनीने वही चाळली.
सोमवारी काही नाही, मंगळवारी काही नाही.
आमच्याकडे नोंद नाही, ती म्हणाली, गोडच म्हणाली,
आणि पेन उचलून
आमच्या घराची नोंद करू लागली.

डर्बीत नोव्हेंबरात चारलाच अंधार होतो.
बग्गी ढकलत परतताना आठवलं:
शनिवारी, बस येत असताना,
मी त्याला दंड धरून मागे ओढलं होतं. जोरात.
घरी आले. कोट न काढताच
झोपलेल्या पोराच्या दंडावर
माझी बोटं ठेवून पाहिली.
जुळत नव्हती.
सुटल्यासारखा श्वास सोडला
आणि त्या श्वासाचीच लाज वाटली.
माझी नाहीत, तर मग कुणाची?
मनातल्या मनात बेथनीची बोटं लावून पाहिली,
मग विक्रांतची.
तो स्वयंपाकघरात भांडी घासत होता.

कपाटात आंबेहळदीचं कांड आहे, चिपळूणहून आणलेलं.
सहाण काढली, पाण्याचे दोन थेंब टाकले,
आणि थांबले.
पिवळं लावलं तर डॉक्टरला निळं दिसणार नाही.
दिसलं नाही तर विचारतील, का झाकलंत?
सहाण कोरडी पुसून ठेवून दिली.

आमच्यात याला मुका मार म्हणतात.
कातडी फाटत नाही, रक्त बाहेर येत नाही,
मार लागतो आणि बोलत नाही.
ज्याला लागला त्याच्याकडे तीसेक शब्द,
त्यातले निम्मे इंग्रजी.
बाऊ कुठे झाला, विचारलं
तर तो माझ्याच गालाला हात लावतो.
मी त्याचा मुका घेते.
हाही शब्द तोच. दुसरा सुचत नाही.

सकाळी आठला फोन लावला, रांगेत सतरावी.
डॉक्टर ओकाफोर यांनी आधी आपले हात चोळून गरम केले.
कमरेखालचा निळसर डाग त्यांनी पाहिला,
आणि त्या काही विचारायच्या आत मी लाल वही उघडली:
जन्मखूण, तारीख, सही.
दोन वर्षं ते पान मी पासपोर्टसारखं सांभाळलंय.
मग त्या म्हणाल्या, घरी कोण कोण असतं?
साधा प्रश्न.
नऊ वर्षं इंग्रजीत नोकरी करते मी,
तरी क्रियापदं सांडत गेली.
त्यांनी विचारायलाच हवं होतं.
न विचारणाऱ्या डॉक्टरकडे मी पुन्हा गेले नसते.
हे तेव्हाही कळत होतं, आणि तेव्हाही
तळहात गुडघ्यांवर पालथे ठेवून बसले होते.

हॉस्पिटलात रक्त काढलं. सुईचा सहावा डाग.

गुरुवारी फोन आला. प्लेटलेट्स ठीक, गोठणं ठीक.
मग कशाने?
कधी कधी कळत नाही. नवे दिसले तर या.

आता ते हिरवट झालेत, कडेने पिवळे.
न लावलेली हळद आतूनच वर येतेय.

आज तो सोफ्यावरून उतरताना घसरला
आणि टेबलाच्या कोपऱ्यावर आदळला.
माझ्या डोळ्यांदेखत. कपाळावर टेंगूळ.
तो रडला, आणि मला,
कुणाला सांगू नये, पण मला बरं वाटलं.
तारीख लिहिली, वेळ लिहिली, टेबल लिहिलं.
मग सहाण काढली.