नारिकिन

आमच्या तेंदो गावात हा शब्द लाकडाचा आहे.
मी रोज त्याची पाठ लिहिते.

बोटाच्या पेराएवढा पिवळट तुकडा,
पोटावर काळ्या लाखेत पायदळ,
उलटा केला की लाल लाखेत सोनं.
पटावर हे प्यादं एकेक घर सरकतं,
मागे वळायची त्याला मुभा नाही.
शत्रूच्या मुलखात पाय पडला
की खेळणारा त्याला दोन बोटांनी पालथं करतो,
टक्.
नारि म्हणजे झालेलं, किन म्हणजे सोनं.
अर्थ एवढाच.

वापर निराळा.

वापर शिकावा माझ्या सासऱ्यांकडून.
शिगेझो-सान हा शब्द ओठांच्या कडेने टाकतात,
चेरीची बी थुंकावी तसा.
कुरिहारांनी बाग विकली, नव्या रस्त्याला,
आजोबांनी लावलेली तीनशे झाडं,
आणि पांढरी गाडी आली,
अंगणात दगडी दिवे आले, एक पुरला असता, सहा आले.
गरम झऱ्याच्या न्हाणीत बायका
एकमेकींच्या पाठी चोळताना म्हणतात, नारिकिन,
आणि कुरिहारांची सून वाफेतून आत आली
की यंदा बर्फ किती पडेल त्याबद्दल बोलतात.

हा शब्द प्रथमपुरुषी चालत नाही.
कुणाच्या तोंडावर तर नाहीच नाही.
माणूस उठून गेला, उशी अजून उबदार आहे,
तेवढ्यात तो येऊन तिथे बसतो.

पालथं प्यादं चालतं अगदी सोन्यासारखं,
तसूभरही फरक नाही.
पण मारलं गेलं की शत्रूच्या हातात
पुन्हा प्यादंच.
अस्सल सोन्याची पाठ कोरी असते.
राजाचीही.
त्यांना काही व्हायचंच नसतं.
बावीस वर्षं कुंचला धरतेय,
या कोऱ्या पाठींवर मला एक छदाम मिळालेला नाही.

जानेवारीत कुरिहारा स्वतः आले.
गाडी कोपऱ्यावर लावून चालत,
बुटांत बर्फ गेलेला.
पूर्ण संच नको म्हणाले.
'फुमिए-सान, फक्त एक प्यादं.
पाठ लिहू नका.'

सासरे कानशीवरून मान न उचलता हसले,
'कोरी पाठ राजाची असते, कुरिहारा.
नाहीतर जातीच्या सोन्याची.'

ते गप्प राहिले.
छपरावरून बर्फाचा एक ढीग घसरला, धप्प.
मग हळूच म्हणाले,
'नाहीतर जे कधी उलटणारच नाही,
अशा प्याद्याची.'

त्यांना नेमकं काय हवं होतं ते मला कळलं नाही.
अजूनही नाही.
प्रत्येक संचात आम्ही एक प्यादं जास्तीचं घालतो,
हरवलं बिरवलं तर असावं म्हणून.
तसलं एक डब्यात होतं, पोट लिहून वाळलेलं,
पाठ अजून बाकी.
तेच दिलं, कागदात गुंडाळून.
मी भाव सांगितला,
त्यांनी तिप्पट ठेवले,
आणि नोटा ठेवताना हात जरा अडखळला,
जणू त्यांनाच ऐकू आला होता तो शब्द.

पावलांचा आवाज कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आत
सासऱ्यांनी बी थुंकली.

भर जानेवारीत.
तोंडात चेरी नसताना.