झोतात ऐंशी

कागद आला साडेचारला,
प्रिंटरमधून निघालेला, अजून कोमट.
अक्षांश, रेखांश, केंद्रातला दाब,
आणि खाली, आमच्या जिल्ह्याच्या वाट्याला:
वारा ताशी साठ ते सत्तर, झोतात ऐंशी.

तो कागद मराठीत आणायचा
आणि सहा पन्नासला वाचायचा, एवढंच माझं काम.
कंत्राटी आहे. पाळीवर पैसे.
'तीव्र'च्या पुढे 'अतितीव्र' लिहिते,
त्याच्या पुढचा शब्द कोशात शोधत नाही आता.

ऐंशी म्हणजे किती?
ऐंशी तर कॉलेजची पोरं
द्वारकेच्या उड्डाणपुलावर रोज काढतात.
पण पुलावरची ती गाडी
रात्रभर, न थांबता,
तुमच्या छपरावरून जात राहिली तर
असं लिहिलं, आणि खोडलं.
मंजूर मसुद्यात 'तर' नसतो.

'तुरळक ठिकाणी' असतं.
तुरळक म्हटलं की ज्याला त्याला
शेजारचं घर आठवतं.
आणि शेवटी, शेपटासारखं, दरवेळी:
नागरिकांनी घाबरून जाऊ नये.

पुराचं या गावात सोपं आहे.
धरणातून किती क्युसेक सोडले, मी वाचते;
ऐकणारे ऐकतात, आणि एकमेकांना विचारतात,
पाणी कुठवर आलं?
दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला.
मग भाजीच्या पाट्या हलतात.
कमरेला म्हटलं की सराफ बाजारात
शटरखाली पोती लागतात.
गळ्याला म्हटलं की कोणी काही म्हणत नाही,
नुसते पुलावर उभे राहून बघतात.

वाऱ्याला असं काही नाही.
वाऱ्याचाच मुलगा तो,
पण बापाची उंची त्याच्या अंगावर मोजता येत नाही.

सहाला फोन आला. हौसाबाई पेखळे, फुलेनगर.
"ताई, ते किलोमीटर राहू द्या.
माझा पत्रा राहील का, तेवढं सांगा."
मी कागद पाहिला. परत पाहिला.
बंगालपासून अरबी समुद्रापर्यंत सगळं होतं त्यात,
तिचा पत्रा नव्हता.
"दगड ठेवलेत वर," ती म्हणाली, "सात. मोठे."

सहा पन्नासला मी वाचलं, जसं आहे तसं.
दाब वाचला. झोत वाचला. तुरळक वाचलं.
मग शेपटाची जागा आली,
आणि माझ्या तोंडून निघालं:
पत्र्यावर दगड ठेवले असतील
तर आत्ता, उजेड आहे तोवर, खाली काढा.
पत्रा उडाला तर दगड घरातच पडतील.
पत्र्याखाली झोपू नका. जवळच्या शाळेत जा.
घाबरलात तरी चालेल.

काचेपलीकडे मुनाफ कोकणीनं
घड्याळाकडे बोट केलं,
मग बोट खाली घेतलं,
आणि माझा आवाज थोडा वाढवला.

रात्री दीडला वीज गेली.
गंगापूर रोडला दोन गुलमोहर आडवे,
एक फलक कोणाच्या तरी गच्चीत.
बाकी वादळ पहाटे उत्तरेला वळलं,
घाई असलेल्या पाहुण्यासारखं.

सकाळी टेबलावर मेमो:
मंजूर मजकुराबाहेर बावीस सेकंद, खुलासा द्यावा.
मी खुलाशाची पहिली ओळ तीनदा लिहिली.
'ताशी ऐंशी म्हणजे'पर्यंत आले की
पेन थांबायचं.

मग फोन.
"पत्रा आहे तिथंच आहे, ताई.
उगाच दगड उतरवायला लावले, कंबर धरली माझी.
शाळेत डास किती!"
मी म्हटलं, बरं झालं ना, राहिला.
म्हटलं, दगड आता खालीच ना?

"नाही हो," हौसाबाई म्हणाली,
"सकाळीच चढवले परत.
साधा वारा आला तरी हलतो ना तो."