सदर कालावधीत

कुर्ला कोर्टाच्या फाटकाबाहेर, झेरॉक्सच्या टपरीला लागून
पप्पांचं टेबल आहे.
जूनपासून त्यांच्याकडे गॅपवाली पोरं येतात,
एक वर्ष निसटलेली, दोन वर्षं निसटलेली.
कॉलेजला लिहून द्यावं लागतं
मधल्या काळात तुम्ही कुठे होतात.

पप्पा वर न बघता विचारतात, "कारण?"
कावीळ.
आईचं ऑपरेशन.
फी.
एकाने सांगितलं, बहिणीचं लग्न ठरलं होतं, मग मोडलं,
पप्पांनी टाइप केलं: घरगुती अडचण.
घरगुती अडचणीत पुष्कळ काही मावतं.

पुढचं वाक्य मला बाराखडीसारखं पाठ आहे:
सदर कालावधीत मी कोणत्याही महाविद्यालयात प्रवेश घेतला नाही,
कुठेही नोकरी केली नाही,
कोणत्याही गैरकृत्यात सहभागी नव्हतो.
म्हणजे शपथेवर सांगायचं
की मी काही केलं नाही.

माझी सीट लागली आहे. केमिकल, दुसरी फेरी,
घरापासून रिक्षाने पंचवीस मिनिटं.
फोनवर एक बटण आहे, फ्रीझ.
गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत.
आईने पेढे आणले, तेही संपले,
आणि मी अजून म्हणते आहे, बघू.

"मग वर्षभर करणार काय?" मावशीने विचारलं.
इथेच मी अडकते.
कुणाला हिमालयात जायचं असतं, कुणाला गिटार.
मला एवढंच माहीत आहे
की पाचवीच्या स्कॉलरशिपपासून मी
दुसऱ्याने छापलेले गोल काळे करते आहे
आणि एकदाही हात थांबवून
स्वतःला विचारलेलं नाही, हे कशाचं उत्तर आहे.
हे मावशीला कसं सांगायचं?
म्हटलं, "जर्मनचा क्लास लावीन."
तिचा जीव भांड्यात पडला.

आपल्याकडे वर्ष वाया जातं,
वर्ष बुडतं, फुकट जातं.
नुसतं जातं असं कुणी म्हणत नाही.
काका म्हणाला, जमीनसुद्धा पड टाकतात की एखाद्या साली.
पण काकाने त्याची जमीन विकून
डोंबिवलीत वन बीएचके घेतलाय,
त्यामुळे त्याचं कुणी मनावर घेतलं नाही.

बुधवारी डबा द्यायला गेले. गर्दी नव्हती.
लॅपटॉप चार्जिंगला लावून पप्पांनी
टेबलाखालून जुना गोदरेज काढला होता, फडक्याने पुसत होते.
म्हणाले, "बारावी झाल्यावर मामा म्हणाला,
एक वर्ष बस माझ्या टेबलावर, मग बघ कॉलेजचं."
रिबन ताणून बसवली.
"एक्क्याण्णव साली."
एवढंच. पुढे म्हणाले नाहीत
की म्हणून तू घे, किंवा म्हणून तू घेऊ नकोस.
मी खूप वेळ वाट बघितली.
समोरून हातकडी लावलेला एक माणूस गेला,
शिपायाशी क्रिकेटबद्दल बोलत.

मग डबा बाजूला सरकवून मी
गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले.
एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. त्याचा एक पाय आखूड आहे.

पप्पांनी कागद चढवला.
मी, कुमारी शलाका अनंत चाळके, वय वर्षे अठरा,
राहणार विक्रोळी पार्कसाइट,
मला न विचारता सगळं बरोबर.
मग, वर न बघता:
"कारण?"

"जागा सोडा."
"कोरी?"
"नको, टिंबं द्या. हाताने भरता येईल अशी."

एकेक टिंब वाजत गेलं
समासापर्यंत, घंटी होईपर्यंत.

"तारीख?"
"पुढल्या जूनची."
आता मात्र त्यांनी वर बघितलं.
"सही करू नकोस अजून," म्हणाले,
"उद्या पाचपर्यंत वेळ आहे."

मग हिशेबाची वही उघडून,
इतर सगळ्यांचं लिहितात त्याच अक्षरात:
शलाका. प्रतिज्ञापत्र एक.
उधार.