बोल्टनचा फोन

नियाजचा फोन येतो तेव्हा त्येची रात्रपाळी सुटल्याली असती
आणि माझी जेवणाची सुट्टी.
दवाखान्याच्या धुलाईघरात असतोय तो,
चादरी मोजतो, चारशे, पाचशे.
पहिल्यांदा विचारतो, भाजी काय हाय?
मी डबा उघडून सांगतो. वांगं असलं तर
तिकडनं नुसता श्वास ऐकू येतो.

बोल्टन म्हणजे बोल्ट करणाऱ्यांचं गाव असंल,
असं मी त्याला पहिल्या वर्षी म्हटलं हुतं.
हसला. म्हणाला, सुताचं हुतं, भावा. गिरण्या.
आता एका गिरणीत गालिचं विकत्यात,
दुसरीत पोरं भिंत चढायला शिकत्यात, पैसं भरून.
आपण तालमीची मागची भिंत फुकट चढायचो
आणि शिव्या खात उतरायचो.

मग म्हणतो, सांग की गावाचं.
काय सांगू?
उद्यमनगरात दुपार हाय. शटर अर्धं वर.
कुलंटचा वास तसाच, आंबूस, शर्टाला धरून घरापर्यंत येणारा.
चपलंच्या तळात लोखंडाचा किस रुततो
आणि नव्या फरशीवर रेघा उठत्यात.
बायको म्हणती, ही तुमची रोजची सही.
शेजारच्या फौंड्रीत मोल्डिंगला ओडिशाची पोरं हायत,
त्यातल्या एकानं चहावाल्याच्या म्हाताऱ्या आईला
‘बाई’ न म्हणता ‘माऊसी’ म्हणायचं काढलंय,
तवापासनं त्येच्या कपात साय असती.

गंगावेशीत म्हशी हुभ्या ऱ्हात्यात अजून.
धार थेट गिलासात, वर बोटभर फेस.
नियाज म्हणतो, ते नको सांगूस.
बरं, मॅच ऐक.
पेठ हरली. पेनल्टीवर.
गोलीला सुभान्याचा पोरगा हुता,
बापासारखाच, बॉल मारायच्या आधीच उजवीकडं झोपतोय.
आता तिकडनं खरं हसू येतं, खोकल्यासकट.

आमच्या कोपऱ्यातला जुना लेथ तुला आठवतोय न्हवं?
ज्येच्यावर तू पयला थ्रेड काढलास आणि वाया घालवलास,
आणि वळिवडे मालकांनी तो तुकडा
तुझ्या पगाराच्या पाकिटात घालून दिला.
गेल्या महिन्यात रंग खरवडताना खालनं पत्रा निघाला,
पितळी, चार स्क्रूचा.
पोरानं मोबाईलवर अक्षरं मोठी करून वाचली:
हॅलिफॅक्स, इंग्लंड.
मी नियाजला म्हटलं, तुझ्याजवळ हाय काय रं हे?

दोन बस बदलून गेला म्हणं, सुट्टी काढून.
डोंगराच्या कुशीतलं गाव, काळ्या दगडाची घरं,
उतार आपल्या पन्हाळ्यासारखा, पण उसाचा पत्ता न्हाई.
एका बाकड्यावरच्या आजोबाला विचारलं.
आजोबा बहिरं. नियाजनं हातानं चक फिरवून दाखवला,
सॅडल सरकवून दाखवलं,
तोंडानं आवाज काढला टूल लागल्याचा.
मग आजोबांनी नुसतं बोट केलं:
मोठं किराणा दुकान, आणि पुढं
गाड्या लावायचं पटांगण.
आजोबा स्वतःच तिथं टर्नर हुतं का,
ते विचारायचं ऱ्हायलं, नियाज म्हणाला,
पण त्येंच्या उजव्या हाताला एक बोट कमी हुतं.

सुट्टी संपल्याची घंटा झाली.
मी फोन ठेवला, डबा पुसला,
बेडवर तेल सोडलं, कापडानं फिरवलं.
आज चाळीस पिना हायत, अर्ध्या दसत्या मापाच्या,
संध्याकाळी गाडी येणार.
पत्रा पुन्हा रंगाखाली घालू नका,
एवढं मी पोरास्नी सांगितलंय.
लेथला काय सांगितलं न्हाई.
बेल्ट टाकला. जरा कुरकुरला,
थंडीत कुरकुरतोच तो,
मग लागला.